चार नंबर

"चार नंबर कुठंय?"

हवालदाराच्या टेबलावर आठ एअर रायफली ओळीनं आडव्या ठेवल्या होत्या. सरकारजमा करायचा माल असा तेल लावून, पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून आणणारा माणूस त्या ठाण्यात बहुधा पहिलाच असावा. हवालदारानं पुन्हा एकदा टोकापासून बोट फिरवलं.

"एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ, नऊ. काका, माझी धाकटी अजून शाळेत जात नाही, पण आकडे म्हणताना चार गाळत नाही ती."

"ती झालीच नाही साहेब."

"नववी झाली आणि चौथी झाली नाही?"

"रिजेक्ट झाली. रिजेक्टचा नंबर परत वापरत नाहीत."

"कोण वापरत नाही?"

"आम्ही," तो म्हणाला.

आम्ही म्हणजे टर्नर. पण हे त्या खुर्चीवरच्या माणसाला कुठून कळणार? पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवून तो निवृत्त झाला होता. तिथं त्याला सगळे मायक्रॉन म्हणायचे, कारण केसाची जाडी ही त्याच्या हिशेबात फार मोठी चूक होती. पुढे तेच नाव गल्लीतही आलं. कारखान्याची शिस्त अशी, की गजातून तुकडा कापला की आधी त्यावर नंबर ठोकायचा आणि मगच त्याला चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचं. जॉब बिघडला तर भंगारात जायचा आणि त्याचा नंबरही त्याच्याबरोबर जायचा. एका नंबरचे दोन जॉब निघाले तर तपासणीवाला डोकं फोडून घेईल, हे कागदावरचं कारण. जुने टर्नर मात्र मेलेल्या नंबराला हात लावणं अपशकुनी समजायचे. मायक्रॉन अपशकुन मानत नव्हता, पण शिस्त मानत होता, आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचा जुना लेथ बसवला तेव्हा ती शिस्त त्यानं तिथंही नेली.

"ठीक आहे. मग तो बिघडलेला तुकडा आणून दाखवा," हवालदार म्हणाला.

"सव्वीस वर्षं झाली साहेब. भंगारात गेला."

"बिघडला कशानं?"

इतका वेळ पटापट उत्तरं देणारा मायक्रॉन चादरीच्या टोकाशी चाळा करायला लागला. "असंच," तो म्हणाला, "कट चुकला." आणि त्यानं नजर खाली वळवली. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस खोटं बोलायला लागला की आंधळ्यालाही दिसतं, आणि हवालदार तर आंधळा नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं.

"काका, मी तुम्हाला सरळ सांगतो. कुठल्यातरी गावात कुणीतरी असल्याच घरी बनवलेल्या बंदुकीनं शेजाऱ्याचा डोळा फोडला, म्हणून वरून हुकूम आला. तीस दिवसांत आपणहून आणून दिली तर माफ. लपवली तर गुन्हा. नवीन बनवली तर त्याहून मोठा गुन्हा. तुम्ही आपणहून आलात, चांगलं केलंत. पण मी यादीत आठही नंबर लिहून बसलोय. आता वर साहेब विचारणार, तीनच्या पुढं पाच कसं? मी काय सांगू? काका म्हणाले असंच?"

"मग करायचं काय?"

"शनिवारी बारा वाजता यादी वर जाते. तोवर चार नंबर आणा. नाहीतर मला लिहावं लागेल, एक हत्यार लपवलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गल्लीत कुणालाही पत्ता नव्हता की याच्याकडे आठ रायफली आहेत. गप्प बसला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण हुकूम वाचला आणि याला घास गोड लागेना. बुधवारची सकाळ होती. मायक्रॉन रिकामी चादर घडी करून बगलेत मारून बाहेर पडला.

बायको खिडकीशी शिलाईच्या मशीनवर होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचं तिच्या हातचं होतं. तिनं मान वर न करताच विचारलं, "दिल्या का एकदाच्या? आता तरी ती खोली रिकामी होईल. मला कापड ठेवायला जागा नाही."

"चार नंबर मागतायत."

मशीन थांबलं. बायकोनं चाकावर ठेवलेला हात तसाच राहिला. मग तिनं दोरा तोडला, सुई वर घेतली आणि फक्त म्हणाली, "मग?"

"शनिवारपर्यंत नाही दिली तर गुन्हा दाखल करणार."

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. सरकारी दवाखान्यात ती दोन वर्षं तात्पुरती नर्स होती आणि आता कुठं कायम व्हायची वेळ आली होती. कागद सगळे झाले होते. राहिली होती फक्त पोलिसांची चौकशी, सोमवारची, आणि ठाणं अर्थातच तेच. घरात कुणावर गुन्हा आहे का, एवढाच त्या कागदावरचा प्रश्न होता.

सगळं ऐकून ती पर्स खांद्यावरून न काढताच उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? नंबर घालायचेच कशाला? कुणी विकत घेणार होतं का तुमच्या बंदुका?"

"जॉबला नंबर असतो."

"मग नेण्याआधी खरवडून टाकायचे! तुमच्याकडे कानस नव्हती?"

"स्वतःच्या हातचा नंबर खोडायचा?"

"नाही, नाही. तो कसा खोडणार? त्यापेक्षा माझं नाव खोडा कायम व्हायच्या यादीतून!" तिचा आवाज चिरकला. "दोन वर्षं मी रात्रपाळ्या केल्या, बाबा. लोकांचं सगळं काढलं. आणि तुमच्या खेळण्यापायी..." तिनं पर्स खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "ती चार नंबर गेली कुठं? खरं सांगा. कुणाला दिलीत का?"

मायक्रॉननं बायकोकडं पाहिलं. बायको कापडाच्या घडीवरची नसलेली सुरकुती काढत होती.

"रिजेक्ट झाली," बायकोच म्हणाली. "तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. हातपाय धू."

खेळणं हा शब्द त्याला लागला, पण खोटा नव्हता. त्याला बंदुकांचं वेड कधीच नव्हतं. त्यानं आजवर एक चिमणीही मारली नव्हती. मागच्या भिंतीवर कागद डकवायचा, दहा पावलांवरून पाच छरे मारायचे आणि पाचही एकाच भोकातून गेले की रायफल फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायची, एवढीच त्याची शिकार. गंमत होती ती रायफलीच्या आतल्या नळकांड्यात. त्यात दट्ट्या असा बसला पाहिजे की तो बोटानं ढकलला तर सहज सरकावा, पण पुढचं तोंड अंगठ्यानं दाबलं तर हवा त्याला केसभरही पुढे येऊ देणार नाही. कारखान्यात दिवसभर तो दुसऱ्यांच्या नकाशावरचे पंप करायचा. ही हवा धरून ठेवणारी नळी तेवढी त्याची स्वतःची होती.

आणि चार नंबरचं नळकांडं त्याच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं होतं. त्यात खोट नव्हती. हे तो हवालदाराला कसं सांगणार होता?

सव्वीस वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तो त्या नळकांड्याला आतून शेवटचा कट देत होता. असा कट अकरा मिनिटांचा असतो. कापणारं टूल मुंगीच्या पावलानं आत जातं आणि मध्ये थांबलं तर आतल्या अंगावर वळ उठतो, जॉब गेला. बायकोला आठवा संपत आला होता. मागच्या पायरीवरून तिची हाक आली, "अहो, जरा या." तो म्हणाला, "एवढा एक कट घेतो." थोड्या वेळानं दुसरी हाक आली. तेव्हा टूल मध्यावर होतं. तो ओरडला, "आलोच!" तिसरी हाक आली नाही, म्हणून त्याला वाटलं, काम झालं असेल. कट पुरा झाला, आरशासारखा निघाला. तो हात पुसत, खुशीत बाहेर आला, तर ती पायरीखाली भिंतीला धरून बसली होती आणि फरशी लाल झाली होती.

मूल रडलंच नाही. मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तरी सांगता येत नव्हतं. सांगता येत नव्हतं म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर तो खोलीत गेला, तर नळकांडं चकमध्ये तसंच होतं, आतून लखलखत. त्यानं ते काढलं, वहीत चारच्या पुढं 'रिजेक्ट' लिहिलं, आणि भंगारवाल्याकडं टाकून आला. बायको त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं असं त्याला सव्वीस वर्षं वाटत होतं. तीन वर्षांनी मुलगी झाली. पाच नंबर त्यानंतर आणखी दोन वर्षांनी सुरू केली.

गुरुवारी सकाळी मुलगी कामावर गेल्यावर तो चहा न घेताच उठला.

"कुठं निघालात?"

"करतो."

"काय करता?"

"चार नंबर."

बायको त्याच्याकडं बघतच राहिली. "अहो, डोकं फिरलंय का? नवीन केली तर मोठा गुन्हा म्हणालात ना?"

"आणली नाही तर पोरीची नोकरी जाते. आणायची तर करायला पाहिजे. इकडे आड, तिकडे विहीर. तू सांग कशात उडी मारू."

तिनं त्याचा चहा झाकून ठेवला. गुन्हा नाही हे सिद्ध करायला गुन्हा करायचा, असला उफराटा कारभार तिच्याही डोक्यात बसत नव्हता, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

एका रायफलीला त्याला आठ महिने लागायचे. हातात होते दोन दिवस, आणि शनिवारची अर्धी सकाळ. पुढची नळी एका मोडक्या बंदुकीची पडून होती, स्प्रिंगही होती. नळकांड्यासाठी कारखान्यातून निवृत्तीच्या दिवशी मिळालेला पोलादी पाइपचा तुकडा होता. एकच. त्यानं तो हातभर कापला, ऐरणीवर ठेवला आणि आकड्यांच्या ठशांची पेटी उघडली. बाकीच्या ठशांच्या डोक्यांना एरवीच्या किरकोळ कामांत हातोडा खाऊन मिशा फुटल्या होत्या. चारच्या ठशाला त्यानं सव्वीस वर्षं हात लावला नव्हता, तो जवळजवळ नवा होता. हातोडा उचलला. त्यानं तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि तिसऱ्या वेळी ठोकला. चार थोडा तिरका उठला.

लेथ सुरू झाला तशी दुसरीच भीती आली. पत्र्याची खोली, शेजारी भिंतीला भिंत. पोलिसांकडं जाऊन आल्याची बातमी गल्लीभर झालेली. चोराच्या मनात चांदणं. दाराबाहेर सायकल थांबली तरी तो बटणाकडं हात न्यायचा. तेवढ्यात घरातून शिलाई मशीनची घरघर सुरू झाली. बायकोनं मशीन खिडकीपासून उचलून मागच्या दाराशी आणलं होतं आणि मोटर पुऱ्या वेगानं सोडली होती. थोड्या वेळानं पलीकडची बाई कुंपणावरून म्हणाली, "काय हो, एवढा कसला आवाज?"

"घाईचं काम आहे," बायको ओरडून म्हणाली. "गाद्यांच्या खोळी!"

दिवसभरात तिनं खरंच सात खोळी शिवल्या. त्या कुणाच्या गाद्यांच्या होत्या हे तिलाही माहीत नव्हतं.

दुपारी ती आत आली. सव्वीस वर्षांत ती त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. चहा, जेवणाचं ताट, सगळं पायरीवर ठेवून जायची. आता तिनं बाकावरचा रायफलीचा लाकडी दस्ता उचलून पाहिला. मायक्रॉननं जुन्या पलंगाच्या फळीतून तो कापला होता आणि सवयीनं घासून गुळगुळीत केला होता.

"हे सव्वीस वर्षांचं दिसतंय?" ती म्हणाली.

"मग कसं दिसतं सव्वीस वर्षांचं?"

"माझ्याकडं बघा." ती हसली नाही, पण दस्ता घेऊन गेली. संध्याकाळी दस्ता परत आला तेव्हा चहाचं पाणी, राख आणि तेल चोळून तिनं त्याला असा काही म्हातारा केला होता की मायक्रॉनलाच क्षणभर ओळखू आला नाही. लोखंडाच्या भागांना तिनं मीठ आणि व्हिनेगर लावून फडक्यात बांधून ठेवलं. आयुष्यभर जे गंजू नये म्हणून जीव टाकला ते गंजावं म्हणून दोघं वाट बघत बसले.

शुक्रवारी दुपारी तीनला फक्त एक गोष्ट राहिली. नळकांड्याला आतून शेवटचा कट. तुकडा एकच होता, आणि आता त्याच्या अंगावर एवढंच मांस शिल्लक होतं की हा कट झाला की संपलं. त्यानं टूलला धार लावली, भिंगातून पाहिली, पुन्हा लावली. चांगला नाही झाला तरी चालणार होता, ही रायफल उद्या कापलीच जाणार होती. पण हात ऐकत नव्हते. वाईट काम कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं गती लावली आणि कट सुरू केला. टूल आत शिरलं. बारीक, एकसारखा आवाज. तो आवाज त्याला ओळखीचा होता.

पाच मिनिटं झाली असतील. मागच्या पायरीवरून हाक आली.

"अहो, जरा या."

त्याचा हात बटणावर कधी पडला हे त्याला कळलं नाही. लेथ घरघरत थांबला. त्यानं टूल बाहेर काढायला हातानं मागं ओढलं, आणि ओढताना ते आतून खरखरत आलं, शेवटपर्यंत. तो धावत पायरीशी गेला.

बायको मोबाइल घेऊन उभी होती. "हवालदाराचा फोन होता. म्हणाले बाराच्या आधी..." ती थांबली. मागे खोली शांत होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून लेथकडं. "कट चालू होता?"

"हो."

"मग थांबवलात कशाला? मोडला ना! मला काय माहीत, मी आपलं..." आणि मग आपण काय शब्द बोललो ते तिच्या ध्यानात आलं. ती हळूच पायरीवर बसली.

मायक्रॉन तिच्याशेजारी बसला. त्यानं खोलीकडं पाहिलं. म्हणाला, "तेव्हा थांबवायला पाहिजे होता."

सव्वीस वर्षांत तो हे वाक्य पहिल्यांदा बोलला. बायकोनं मोबाइल पायरीवर पालथा ठेवला.

"तिसरी हाक मी मारलीच नाही," ती म्हणाली. "मारता आली असती. आवाज होता माझ्यात. पण म्हटलं, मध्येच उठले तर कट मोडेल. आठ महिन्यांचं काम आहे त्यांचं. म्हटलं, बसते पाच मिनिटं, कळ थांबेल. मीच नाही मारली."

"अगं पण..."

"कुणाला सांगणार? तुम्हाला वाटायचं तुमच्यामुळं. मी तुम्हाला तसं वाटू दिलं. तेही माझ्या डोक्यावर."

मायक्रॉन रडला. निवृत्तीच्या निरोपातही रडला नव्हता, तो वंगणानं काळे झालेले हात तोंडावर धरून मोठ्यानं रडला. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचे डोळे पुसले. पलीकडच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

मग तो उठला आणि नळकांडं उजेडाकडं धरून आत पाहिलं. मध्यावर कड्यासारखा वळ, आणि तिथून तोंडापर्यंत सरळ एक खोल चरा. दट्ट्या घालून तोंड अंगठ्यानं दाबलं, तर हवा चऱ्यातून फुस्स करून निघून गेली. दुसरा तुकडा नव्हता.

"आता?" बायकोनं विचारलं.

"आता आहे तशी जोडतो."

शनिवारी साडेअकराला ते दोघं ठाण्यात पोचले. बायको बरोबर आलीच. हवालदारानं चादर उलगडली, रायफल उलटी केली, नंबर पाहिला. मग त्यानं ती नाकाशी नेली. मायक्रॉननं बायकोकडं बघितलं. ताज्या कापलेल्या पोलादाचा वास काही राखेनं जात नाही.

"काका," हवालदार हळूच म्हणाला, "ही होती कुठं इतके दिवस?"

"घरातच होती," बायको म्हणाली. "पलंगाखाली."

एका अर्थी ते खोटं नव्हतं, दस्ता पलंगाच्या फळीचाच होता. हवालदारानं रायफल गुडघ्यावर मध्ये दुमडून ताणली, टेबलावरचा एक छरा घातला, खिडकीबाहेरच्या मातीच्या ढिगाकडं धरली आणि घोडा दाबला. आधीच्या आठांचा आवाज त्याला माहीत होता. बुधवारी त्यानं एक उडवून पाहिली होती तेव्हा बाहेरचा शिपाई दचकून आत आला होता. या वेळी आतून नुसतीच हवा सुस्कारली. छरा नळीच्या तोंडातून घरंगळून खिडकीच्या चौकटीवर पडला.

"ही तर चालतच नाही."

"रिजेक्ट आहे साहेब," मायक्रॉन म्हणाला. "कट मोडला होता."

या वेळी त्यानं नजर खाली वळवली नाही. हवालदारानं नळकांड्यात डोकावून तो चरा पाहिला, पुन्हा त्याच्या तोंडाकडं पाहिलं. बुधवारी हाच माणूस हेच सांगत होता, आणि आपण त्याला खोटा ठरवला, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावरून सरकलं. वासाचं तो काही बोलला नाही. त्याला खरंच पटलं होतं की त्यानं पटवून घेतलं, ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं यादी ओढली आणि तीन आणि पाचच्या मधल्या फटीत बारीक अक्षरात लिहिलं, चार, नादुरुस्त, जमा.

"मुलीच्या चौकशीचा कागद माझ्याकडंच आलाय," तो म्हणाला. "सोमवारी सही करून पाठवतो. गुन्हा काही नाही." मग जरा ओशाळून, "आता ह्या कापायला लागतात काका. आमच्याकडं मशीन नाही. करवत आहे. तुम्हीच कापा. तुमच्याइतकं सरळ दुसरं कोण कापणार?"

मागच्या पडवीत एक आवळायचा लोखंडी शिकंजा होता. मायक्रॉननं एक नंबर धरली. खिशातून पट्टी काढली, मधोमध खूण केली, आणि करवत चालवली. सवयच ती, भंगारात जायचे तुकडेही त्यानं सारख्या मापाचे केले. दोन नंबर, तीन नंबर. चार बाजूला ठेवली आणि पाच घेतली. प्रत्येक नळकांडं कापलं की आतली लखलख बाहेर यायची, आणि तो तिच्याकडं न बघता तुकडे खोक्यात टाकायचा. तीस वर्षांची हवा अशी तासाभरात संपली. नऊ नंबरपर्यंत त्याच्या हाताला फोड आले होते आणि सदऱ्याची पाठ भिजली होती.

शेवटी चार नंबर शिकंज्यात धरली. पट्टी लावली, खूण केली. करवत खुणेवर ठेवली, आणि ती पुढं जाईना. चांगल्या आठ न थांबता कापल्या होत्या, आणि या बिघडलेल्या एकीपुढं तो अडला. हवालदार दारात उभा होता, तो घड्याळ न बघता आत निघून गेला.

बायको भिंतीशी बाकावर बसली होती. ती उठून त्याच्याजवळ आली आणि तिनं शिकंज्यातल्या नळकांड्याचं मोकळं टोक दोन्ही हातांनी धरलं, हलू नये म्हणून.

"एवढा एक कट घ्या," ती म्हणाली. "मी थांबते."

त्यानं कट घेतला. तिच्या हातात अर्धं नळकांडं सुटून आलं, त्यावरचा तिरका चार तिच्या अंगठ्याखाली होता. तिनं ते खोक्यात टाकलं नाही, वाकून हळूच आत ठेवलं.

ठाण्याच्या पुढच्या दाराला पाच पायऱ्या होत्या. मायक्रॉन रिकामी चादर बगलेत घेऊन दोन पायऱ्या उतरला, मग थांबला, मागे वळला आणि लोखंडाचा कीस लागलेला हात वर केला. बायकोनं तो धरला, आणि दोघं एकेक पायरी उतरून रस्त्यावर आले.